दरीचा दर्या : विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातली चार वर्षं

शून्याधारित

गेल्या महिन्यात सिनॉप्सिस (प्रबंधाचा गोषवारा) दिला. प्रबंधाचं तिसरं प्रकरण पुन्हा लिहायचं आहे आणि ते टाळण्यासाठी हा धागा काढतोय, हे आधीच कबूल करतो.

"नोकरी सोडून संगणकशास्त्रात पीएचडी करावी का?" असं इथे दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतं. उत्तरं देणारे बहुतेक आयआयटीतले नाहीतर परदेशातले. राज्य विद्यापीठाच्या साध्या विभागात काय चालतं हे कुणी लिहीत नाही. विभागाचं नाव मी देत नाहीये. ओळखणारे ओळखतील, त्यांनी कृपया गप्प बसावं.

२०२१ साली हिंजवडीतली नोकरी सोडली तेव्हा मी २९ वर्षांचा होतो. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती, मिळालेली होती. आईने एवढंच विचारलं, "म्हणजे परत कॉलेजात जाणार?" पहिल्या दिवशी रिसर्च लॅबपाशी पोचलो तर दारावर 'चपला बाहेर काढाव्यात'. बी.एस्सी.ला असताना वाचलेली तीच पाटी. आत नऊ टेबलं, सात खुर्च्या, आणि कोपऱ्यात जीपीयूचं (जड आकडेमोड झपाट्याने करणाऱ्या चिपचं) एकुलतं एक मशीन. त्यावर कुणाचं काम कधी चालणार ते दोनशेपानी वहीत लिहायचं. मी हौसेने बुकिंगसाठी एक वेबपेज करून दिलं, ते कुणी वापरलं नाही. वहीत खाडाखोड करून दुसऱ्याची वेळ ढापता येते, वेबपेजवर नाही.

विषय घेतला होता मराठी ट्विटांमधली भावना ओळखणं. म्हणजे ट्विट खूश आहे, चिडलेलं आहे की नुसतंच बातमी देणारं, हे यंत्राला सांगता यायला हवं. मराठीत हे काम अगदी नवं नव्हतं. पुण्याच्याच एलथ्रीक्यूब गटाने २०२१ मध्ये सुमारे १६ हजार ट्विटांना हाताने खुणा करून 'महासेंट' नावाचा संच खुला केला होता. मला त्याच्या पुढे जायचं होतं. मग २०२३च्या सुरुवातीला ट्विटरने फुकटची एपीआय (प्रोग्रामने ट्विटं उतरवून घ्यायची सोय) बंद केली, संशोधकांसाठी ठेवलेली वाटही गेली, आणि माझा विषय दीड वर्षाचा होऊन वारला.

मॅडमकडे गेलो. (मॅडम म्हणजे माझ्या गाईड.) त्यांनी चहा मागवला. "आतापर्यंत मराठी मजकूर किती जमलाय? सगळ्या ठिकाणचा धरून." सांगितलं. "मग त्यातले शब्द मोज, सर्वांत जास्त वेळा आलेला वर अशी यादी काढ, आणि पहिले दोन हजार शब्द स्वतः वाच. मॉडेलला वाचायला लावू नकोस. कागदावर छापून घे."

मला राग आला होता. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातलं पोरगं दहा ओळींत करेल असं काम! पण छापलं. बालभारतीचं पुस्तक वाचावं तसं पेन्सिल घेऊन वाचत बसलो. 'आहे', 'आणि', 'या', 'होते'… पुढे एका पानावर 'दुसऱ्या'. सहा पानं उलटल्यावर पुन्हा 'दुसऱ्या'. मोजणाऱ्या यादीत एकच शब्द दोनदा येऊच शकत नाही. आधी वाटलं आपलाच प्रोग्राम चुकला. दोन्ही शब्द उचलून पायथॉनमध्ये ठेवले आणि विचारलं, हे सारखे आहेत का? उत्तर आलं, नाहीत. लांबी मोजली. एकाची ७, दुसऱ्याची ८. डोळ्यांना दोन्ही एकसारखे.

भानगड अशी आहे. 'ऱ्या'मधला तो आडवा, पापणीसारखा र युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ०९३१ क्रमांकाचा ऱ आणि त्यापुढे हलन्त. दोन, आपला नेहमीचा र, हलन्त, आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे नावाचं एक न दिसणारं अक्षर, ज्याला रुंदीच नाही. तुम्ही कुठल्या कीबोर्डावरून टंकता त्यावर यातलं काय उमटेल ते ठरतं. युनिकोडचं ठरलेलं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) लावलं तरी हे दोन्ही एक होत नाहीत. 'ॲ'चंही तेच. २००८ साली त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला, पण 'अ'वर चंद्र ठेवून टंकणारे अजून आहेत, आणि यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द.

इथवर नुसती गंमत आहे. पुढे गोची आहे. मजकूर 'स्वच्छ' करणारे बरेचसे प्रोग्राम न दिसणारी अक्षरं कचरा समजून उडवतात. बर्ट या भाषेच्या गाजलेल्या मॉडेलच्या मूळ टोकनायझरमध्येही (मजकुराचे तुकडे पाडणाऱ्या भागातही) ती उडतात. आता दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या 'दऱ्या'मधून ते अक्षर उडवा. उरतं र, हलन्त, या. म्हणजे रफार. म्हणजे 'दर्या'. सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र होतो. आचाऱ्यांचे आचार्य होतात! हिंदीवाल्यांना हे खुपणारही नाही, कारण हा र त्यांच्याकडे फारसा नाहीच.

याच बर्टच्या बहुभाषिक मॉडेलची एक आवृत्ती इंग्रजी कॅपिटल-स्मॉलचा भेद पुसते आणि त्याच झटक्यात अक्षरांवरच्या 'खुणा'ही पुसते. युरोपातल्या भाषांसाठी केलेली सोय. पण त्या खुणांत आपला उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं येतं. काना-वेलांटी वाचते. 'पुणे' आत घातलं की बाहेर येतं 'पण'. लॅबमधला सोलापूरचा मित्र म्हणाला, पुणेकरांना हे यंत्राने सांगावं लागलं का.

तर माझा निम्मा प्रबंध यावर आहे. मजकुरातली अशी लपलेली दुफळी कुठे कुठे आहे, ती सांधली तर कुठल्या कामात किती फरक पडतो, आणि कुठे पडत नाही. काही कामांत काहीच फरक पडत नाही, हेही लिहिलंय. ते प्रकरण परीक्षकांना आवडणार नाही अशी भीती आहे.

विचारा काय विचारायचं ते.

---

म्हाळसा

वाचनखूण साठवली. 'पण'ला हसून हसून पुरेवाट. पुण्याची आहे, तरीही हसले.

---

खडूफळा

शून्याधारित, मनापासून लिहिलंत. माझा प्रश्न रोकडा आहे. मी तालुक्याच्या गावी बीसीएला शिकवतो, तासिका तत्त्वावर, अकरावं वर्ष. वय ३६, सेट (प्राध्यापकपदाची राज्यपातळीवरची पात्रता परीक्षा) झालेली आहे. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडीची सक्ती नाही, नेट-सेट पुरे असा नियम आला. मग मी हा व्याप का करावा? आणि करायचाच म्हटलं तर नोकरी सांभाळून जमेल का? घरी दोन मुलं आणि चार म्हशी आहेत, हेही हिशेबात धरा.

---

शून्याधारित

@खडूफळा सर, केवळ पदासाठी करणार असाल तर करू नका. नियम तुम्ही म्हणता तसाच आहे. मुलाखतीत पीएचडीवाला शेजारी बसला की काय होतं हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल, त्यावर बोलत नाही.

अर्धवेळ जमतं. २०२२च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांत अर्धवेळला स्पष्ट परवानगी आहे, नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. तासिकावाल्याला ते पत्र देताना संस्था का-कू करते, तेव्हा ते आधी हातात घ्या, मगच बाकीचं. मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना त्यावर दोन जास्त. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, ते करताना तुम्हाला पुन्हा बाकावर बसावं लागेल आणि समोर कदाचित तुमचाच जुना विद्यार्थी शिकवत असेल. माझ्या बॅचमधल्या एका सरांच्या बाबतीत हे झालंय. दोघंही पहिला आठवडा एकमेकांना 'सर' म्हणत होते.

प्रवेशाचं २०२४ पासून बदललंय. नेटचे गुण पीएचडी प्रवेशाला धरतात, ७० टक्के वजन त्यांना आणि ३० टक्के मुलाखतीला, आणि फक्त पीएचडीसाठी पात्र अशी वेगळी यादीही लागते. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची पेट (पीएचडी प्रवेश) परीक्षा आहे का ते त्यांच्या परिपत्रकात बघा.

पैशांचं : जेआरएफला १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ (त्याच शिष्यवृत्तीची वरची पायरी) झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं. मी आलो तेव्हा ३१,००० होते. जेआरएफला वयाची अट आहे, खुल्या गटात ३०. तुमच्या गटानुसार सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या असतात, पण त्या घेताना नोकरी चालते का हे जाहिरात वाचूनच ठरवा.

म्हशींबद्दल नियमात काही नाही.

---

डीबगेश्वर

राग मानू नका, पण हे संशोधन आहे का? माझ्या टीममध्ये याला एक तिकीट (दुरुस्तीच्या कामाची नोंद) लागलं असतं, 'मजकुराचं नॉर्मलायझेशन चुकतंय', दोन दिवसांत मिटवून टाकलं असतं. चार वर्षं, सरकारी पैसा आणि शेवटी काय, तर एक न दिसणारं अक्षर सापडलं. तिकडे लोक अब्जावधी पॅरामीटरची मॉडेलं बांधतायत.

---

शून्याधारित

रागाचं काय त्यात, पहिल्या सेमिनारला समितीतल्या एका सरांनी हेच विचारलं होतं. फक्त 'तिकीट' हा शब्द नव्हता.

दोन दिवसांत तुम्ही एक पद्धत दुसरीत बदलाल, मान्य. मी पण दोन दिवसांतच बदलली. पण 'दर्या' समोर आला, तर तो मुळात समुद्र होता की झेडडब्ल्यूजे उडालेली दरी, हे कसं ओळखणार? ते अक्षर उडून गेल्यावर पुरावा राहत नाही, आजूबाजूचं वाक्य वाचूनच ठरवावं लागतं. 'कोऱ्या'चं 'कोर्या' झालं तर सोपं, तसा शब्दच नाही. 'आचार्यांना जेवणाचे पैसे दिले' यात कोण? आश्रमातले की लग्नातले? इथे तिकीट बंद होत नाही. मी अशा जोड्या गोळा केल्या, वाक्यं हाताने तपासली, तीन जणांकडून वेगवेगळी तपासून घेतली, तिघांचं किती जुळतं ते मोजलं. तिघांत एक लॅब असिस्टंट काका होते, सर्वांत काटेकोर तेच निघाले.

मोठ्या मॉडेलांबद्दल : ती मराठीवर बांधायची तर मराठी मजकूर लागतो. 'महाकॉर्पस' या मराठी मजकुराच्या संचात सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्यं आहेत. मराठीच्या मानाने ढीग, इंग्रजीच्या मानाने चिमूट. आणि व्याकरणाच्या खुणा केलेला युनिव्हर्सल डिपेंडन्सीजचा मराठी संच किती वाक्यांचा? ४६६. मी चुकून तीन शून्यं गाळली नाहीयेत.

---

पत्तेवाले आजोबा

माझी पंचाहत्तरी उलटली आहे, तेव्हा थोडे अवांतर चालवून घ्यावे. आमच्या वेळी संगणक पाहायला परवानगी लागे. फोरट्रानचा प्रोग्राम पत्त्यांवर टोचायचा, एका पत्त्यावर ८० रकाने, गठ्ठा रबरबँड लावून खिडकीत द्यायचा आणि दुसर्‍या दिवशी निकाल घ्यायला जायचे. स्वल्पविराम राहिला असेल तर निकालात तेवढेच लिहिलेले. पुन्हा दुसर्‍या दिवशी. त्यामुळे गठ्ठा देण्यापूर्वी आम्ही प्रोग्राम कागदावर वाचत असू, ओळ न् ओळ. तुमच्या मॅडमनी यादी छापून वाचायला लावली, त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

डीबगेश्वर यांस : मोठे यंत्र म्हणजे मोठे संशोधन हे समीकरण मला कधी पटले नाही. २००२ साली कानपूरच्या आयआयटीतून मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी, एखादी संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळात (संख्या वाढली तरी आवाक्यात राहणाऱ्या वेळात) आणि खात्रीने ठरवता येते, असे सिद्ध केले. कयाल आणि सक्सेना नुकतेच बी.टेक. होऊन बाहेर पडलेले. निबंध अवघा काही पानांचा. जगभरचे लोक कित्येक वर्षे त्या प्रश्नाला धडका देत होते. २००६ साली त्यांना संगणकशास्त्रातले गोडेल पारितोषिक मिळाले. त्यात जीपीयू कुठे होता?

---

डीबगेश्वर

आजोबा, नमस्कार. पण ते गणित झालं, आणि तसले लोक दशकात एकदा. बाकीच्या हजारोंचं काय? मी स्वतः अर्धवट सोडून आलेला माणूस आहे, म्हणून बोलतोय. अडीच वर्षांत गाईडने माझा मसुदा एकदाही उघडला नाही. त्यांच्या नावाने चार पेपर मात्र मी लिहून दिले.

---

शून्याधारित

हे आधी लिहायचं होतंत, डीबगेश्वर. वरचा प्रतिसाद वेगळ्या सुरात लिहिला असता.

आणि हाच या धाग्यातला खरा मुद्दा आहे, मी तो मूळ लेखात वळसा घालून टाळला. विषय मेला तरी चालतं, माझा मेलाच. जीपीयू नसला तरी चालतं. मसुदा वाचणारा माणूस नसेल तर काही चालत नाही. माझ्या मॅडम संगणकभाषाशास्त्राच्या नाहीत, त्यांचं काम डेटाबेसवर आहे. पण मी दिलेलं पान चार दिवसांत लाल होऊन परत येतं. कधी कधी समासात फक्त "म्हणजे काय?" लिहिलेलं असतं. त्या दोन शब्दांवर मी एकदा तीन आठवडे घालवलेत.

गाईड निवडताना सगळे विषय बघतात. त्याऐवजी शोधगंगा (पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) उघडा, त्या गाईडच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधा. नोंदणी कधी, पूर्ण कधी, या तारखा बहुधा तिथेच मिळतात. मग ऋणनिर्देशाचं पान वाचा. सगळे 'अमूल्य मार्गदर्शन' लिहितातच, ते सोडा. एखादा ठोस प्रसंग लिहिलाय का ते बघा. आणि विभागात जाऊन कॅन्टीनला बसा. संशोधक विद्यार्थी दहा मिनिटांत सगळं सांगतात, फक्त चहा तुम्ही पाजायचा. नियमाने प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार विद्यार्थी घेता येतात. ज्याची कोटाभर भरती झालीय आणि लॅबमध्ये एकही विद्यार्थी दिसत नाही, तिथून निघा.

---

रेवा_उत्तरेकडची

जर्मनीतून लिहितेय. इथे डॉक्टरेट करणारी म्हणजे बहुधा विद्यापीठाची कर्मचारी, करारावर. पगार सरकारी वेतनश्रेणीने, कर आणि विमा कापून. 'स्टायपेंड कधी येणार' हा प्रश्न नसतो, पण 'करार वाढणार का' हा असतो, आणि तो झोप उडवतो. शिवाय शिकवण्या असतातच. माझ्या पहिल्या सहामाहीत मी १४० उत्तरपत्रिका तपासल्यात.

हेवा एकाच गोष्टीचा वाटला. मी इथे मराठीवर काम करते असं सांगितलं की आधी मराठी म्हणजे काय हे समजवावं लागतं. तुमच्याकडे लॅब असिस्टंट काका वाक्यं तपासून देतात. मला असे काका कुठून मिळणार?

---

म्हाळसा

पेपर कुठे छापायचे यावर कुणीतरी लिहा ना. माझ्या बहिणीला रोज व्हॉट्सॲपवर जाहिराती येतात, '४८ तासांत स्वीकृती, प्रमाणपत्रासह'. ती म्हणते सगळेच देतात.

---

शून्याधारित

सगळे देत नाहीत, बहिणीला सांगा. २०२२च्या नियमांत पीएचडीसाठी पेपर छापण्याची देशपातळीवरची सक्ती काढून टाकली, आधी एक जर्नल पेपर आणि दोन परिषदा लागायच्या. विद्यापीठं आपापली अट ठेवू शकतात, तेवढी बघून घ्यावी. ज्या यादीच्या आधाराने जर्नल ठरवायचो ती यूजीसी-केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. म्हणजे आता कुठलं जर्नल चांगलं हे आपणच वाचून ठरवायचं. मला ते बरंच वाटतं, पण छाननी समितीला यादीची सवय झालीय.

संगणकशास्त्राची वेगळीच अडचण. आमच्यात चांगलं काम आधी परिषदेत जातं, तिथली परीक्षणं कडक असतात, जर्नल मागून येतं. कार्यालयातल्या फॉर्ममध्ये मात्र 'जर्नलचे नाव, खंड, अंक' एवढेच रकाने. माझा सर्वांत चांगला पेपर परिषदेतला आहे आणि त्याला खंड नाही. क्लार्क मॅडम म्हणाल्या, "मग इथे काय लिहू?" मी म्हटलं, लागू नाही. त्यांनी लिहिलं 'लागू नाही', आणि फाइल महिनाभर थांबली, कारण पुढच्या टेबलावर कुणालातरी वाटलं की पेपरच लागू नाही.

भाषेवर काम करणाऱ्यांसाठी एक सुख आहे. एसीएल अँथॉलॉजी या संकेतस्थळावर या क्षेत्रातल्या परिषदांचे पेपर फुकट वाचता येतात. लॉगिन नाही, विद्यापीठाचं नेटवर्क नाही. खडूफळा सर, तुमच्या गावातून रात्री म्हशींचं आटोपल्यावरही वाचता येतील.

---

जास्वंद_पायथॉन

एक खोडी. या धाग्याचा मजकूर कॉपी करून तपासला. शून्याधारित 'दुसऱ्या' लिहितात तो ०९३१वाला. आजोबांच्या प्रतिसादात दोन वेळा 'दुसर्‍या' आहे आणि दोन्ही वेळा जुनी पद्धत, मध्ये झेडडब्ल्यूजे. तुमचा अख्खा प्रबंध या एका पानावर मावतोय की!

---

पत्तेवाले आजोबा

अरेच्चा. म्हणजे मी दुसर्‍याच पद्धतीने लिहितो आहे हे मला आज कळले. नातवाने २०१० च्या सुमारास एक कीबोर्ड बसवून दिला होता, तोच चालू आहे. बदलू का?

---

शून्याधारित

अजिबात बदलू नका, आजोबा! उलट तुमचा प्रतिसाद उदाहरण म्हणून प्रबंधात घेऊ का? नाव देणार नाही.

---

पत्तेवाले आजोबा

घ्या की. टोपणनाव दिले तरी हरकत नाही.

---

खडूफळा

शून्याधारित, तुमचा तो तपासणीचा प्रोग्राम द्याल का? कॉलेजच्या वार्षिक नियतकालिकाचे १९९८ पासूनचे अंक माझ्या कपाटात सीडींवर आहेत, मुलांच्या कविता, गावाकडच्या गोष्टी, ओव्या. काल रात्री त्यातली एक फाइल उघडली. सगळीकडे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. हे काय प्रकरण?

---

शून्याधारित

सर, तो श्रीलिपी किंवा तसला जुना फॉन्ट असणार. म्हणजे युनिकोड नाहीच, आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आणि वर मराठी चेहरा. आधी कुठला फॉन्ट ते ओळखायचं, मग प्रत्येक चिन्हाचा तक्ता करायचा, मग बदलायचं. तयार परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरांत आणि नेमक्या याच 'ऱ्या'त माती खातात. छापील अंक शिल्लक आहेत का? असतील तर ताडून बघता येईल.

१९९८ पासूनचे म्हणजे निदान पंचवीस अंक. सर, यात तुमचा विषय आहे. पुढच्या शनिवारी मी विभागातच आहे, सीडी आणि एक-दोन छापील अंक घेऊन या. मॅडमही असतात. फक्त सीडी वाचणारं मशीन लॅबमध्ये एकच आहे, आणि त्याचंही नाव वहीत घालावं लागतं. मी आजच घालून ठेवतो.

---

खडूफळा

येतो. सकाळचं दूध घालून पहिली एसटी पकडली तर अकरापर्यंत पोचतो. चपला बाहेर काढायच्या, लक्षात आहे.